काठावरचे दोन वायरलेस

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही कामानिमित्त एका तालुक्याच्या गावी उतरलो होतो. तीन दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. दुपारी जेवून बसलो, तोच बाहेर गलका झाला. नदीच्या फरशीवरून एक ट्रॅक्टर पलीकडे जात होता. मधेच पाण्याचा लोंढा आला आणि ट्रॅक्टर वाहून गेला. वरचे दोघे गडी पोहत पोहत एका बाभळीला लागले. बाभळ नदीच्या मधोमध. दोघे तिला मिठी मारून बसले होते.

आम्हीही सगळ्यांबरोबर नदीवर धावलो. अलीकडच्या काठावर पोलिसांची जीप उभी होती. नगरपालिकेचे आग विझवणारे जवान मोठ्या पुलावरून वळसा घालून पलीकडच्या काठावर गेले होते. तिकडे उतार सोयीचा होता. त्यांच्याजवळ रबरी बोट होती, पण दोर तोकडा पडत होता. लांब दोर आणायला त्यांनी गाडी पाठवली होती. गाडी यायला तासभर लागणार होता. तोवर ते वाट पाहत उभे.

इकडे जीपमधल्या वायरलेसवर खरखर झाली. निरोप आला. वरच्या धरणाचे आणखी दरवाजे उघडले आहेत, पाऊण तासात तुमच्याकडे पाणी वाढेल.

आता पाहा. अलीकडच्या काठाला कळलं की हाती पाऊण तासच आहे. पलीकडचा काठ तासभर थांबणार आहे. दोन काठांत अंतर किती? एरवी हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. पण पुराच्या आवाजापुढं हाक कसली चालते! हवालदारांनी हात हलवले, टोपी हलवली. पलीकडच्यांनीही हात हलवून रामराम केला. मोबाईल लावावा, तर वीज गेल्यापासून मोबाईलचा मनोरा मुका झालेला. हवालदारांच्या हाती वायरलेस होता. पलीकडच्या जवानांच्या नायकाच्या कमरेलाही वायरलेस होता. तरी निरोप नदी ओलांडेना.

शेवटी गावातल्या एका पोरानं मोटरसायकल काढली. अकरा किलोमीटरचा चिखलाचा वळसा घालून तो पलीकडे पोचला. पंचवीस मिनिटं गेली. निरोप कळताच जवानांनी लांब दोराचा नाद सोडला. जवळच्या वस्तीवरून मोटेचे जुने नाडे आणि बैलांचे कासरे आणले, एकाला एक गाठी मारल्या आणि बोट लोटली. दोघे गडी सुखरूप काठाला आले. त्यानंतर दहा मिनिटांत पाणी चढलं आणि बाभळ दिसेनाशी झाली.

रात्री देवळात मंडळी जमली. त्या पोराचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग एक म्हातारेबुवा आम्हाला म्हणाले, "अहो, दोघांकडं बी यंत्र हुतं. मग पोरगं कशापायी पळवलं?"

आम्हाला तिथल्या तिथं नीट उत्तर देता आलं नाही. पुढं आम्ही चौकशी केली, वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. ते उत्तर इथं सांगतो.

वायरलेस बोलतो कसा

वायरलेस म्हणजे बिनतारी. आपण बोललो की हा संच आपल्या बोलण्याची न दिसणारी लहर करतो आणि चहूकडे सोडतो. दुसरा संच ती लहर पकडतो आणि तिचं पुन्हा बोलणं करून ऐकवतो. घरातला रेडिओ नुसता ऐकतो. हा संच ऐकतो आणि बोलतोही. पण दोन्ही एकाच वेळी नाही. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. म्हणून बोलून झालं की माणूस 'ओव्हर' म्हणतो. म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला.

फोनवर एकाचं एकाशीच बोलणं होतं. वायरलेसवर तसं नाही. चावडीवर एक बोलला की बसलेले सगळे ऐकतात, तसं हे आहे. दहा माणसांना दहा वेळा सांगावं लागत नाही. संकटाच्या वेळी याच गुणाचा उपयोग.

मग पलीकडच्या जवानांना का ऐकू आलं नाही? तर प्रत्येक संचाची बोलण्याची वाट ठरलेली असते. तिला चॅनल म्हणतात. घरच्या रेडिओवर पुणे केंद्र लावलं तर सांगली केंद्र ऐकू येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. पोलिसांचे संच पोलिसांच्या वाटेवर बोलतात. आग विझवणारे त्यांच्या वाटेवर. धरणावरचे, जंगल खात्याचे आपापल्या. एकाच्या वाटेवरचं दुसऱ्याला ऐकू येत नाही.

त्यातही आणखी एक गोम आहे. काही संच जुन्या पद्धतीचे आहेत, काही नव्या. नवे संच बोलण्याचे आकडे करून पाठवतात. ते जुन्या संचाला उमगत नाहीत. मोडीत लिहिलेलं पत्र बाळबोध वाचणाऱ्याच्या हाती द्यावं, तशातली गत. वाट एक असली तरी जुन्या संचावर नुसती खरखर येते.

आणखी एक अडचण डोंगराची. हातात धरायच्या लहान संचाची ताकद थोडी असते आणि त्याची लहर डोंगराला अडते. पण याला तोड आहे, आणि ती आपल्या गुराख्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. या खोऱ्यातली हाळी त्या खोऱ्यात जात नाही. मग मधल्या धारेवर एक जण उभा राहतो. तो खालची हाळी ऐकतो आणि तीच हाळी पलीकडे देतो. वायरलेसमध्ये हे काम रिपीटर नावाचं यंत्र करतं. ते उंच डोंगरावर किंवा मनोऱ्यावर बसवतात. ऐकेल ते पुन्हा बोलायचं, एवढंच त्याचं काम. मात्र त्याला वीज लागते. डोंगरावर वीज गेली आणि बॅटरी संपली की खालची दोन्ही खोरी मुकी.

कुणी म्हणेल, या खात्यांनी मुळात वेगळे संच घेतलेच कशाला? त्यांना नावं ठेवण्याआधी थोडा विचार करू. पोलिसांचं काही बोलणं गुप्त ठेवावं लागतं. चोर पकडायला निघालेत आणि ते गावभर ऐकू गेलं, तर चोर थांबेल काय? शिवाय प्रत्येक खात्याला पैसा वेगळा मिळाला, वेगळ्या साली मिळाला, वेगळ्या दुकानातून माल आला. ज्याने त्याने आपली गरज पाहिली. दोघांच्या मधली गरज कुणाच्याच वहीत लिहिलेली नव्हती.

मोबाईल असताना हे कशाला?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारतात. एरवी मोबाईल उत्तमच. पण त्याचा मनोरा विजेवर चालतो. पुरात नाहीतर वादळात वीज जाते. बॅटरी काही तास पुरते आणि मग मनोरा बंद पडतो. मनोरा चालू राहिला तरी संकटाच्या वेळी जो तो फोन लावतो. यात्रेच्या दिवशी एसटीच्या दारात व्हावी तशी गर्दी होते, आणि ज्याला खरोखर जायचं आहे तो खालीच राहतो.

आपल्याकडची उदाहरणं ताजी आहेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे दीडशे माणसं गेली. गाव गडप झालं हे बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या फेरीला आला आणि पाहतो तर गाव जागेवर नाही! २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं दगावली. त्या दिवशी कोकणात पुराने रस्ते बुडाले होते, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

आता मदतीसाठी ११२ हा एकच नंबर झाला आहे. महाराष्ट्रातून कुठूनही ११२ लावला की नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात तो घेतात आणि जवळच्या पोलिसांच्या गाडीला कळवतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. पूर, दरड, भूकंप अशा वेळी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७ आहे. हे तिन्ही नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत. पण नीट लक्षात घ्या. हे नंबर आपली हाक खात्यापर्यंत नेतात. जागेवर पोचलेली खाती आपसात कशी बोलणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आमच्या नदीवर दोन्ही खाती पोचलेली होतीच की.

श्रीमंतांच्या गावीही तेच

असं फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. पैशाला आणि यंत्रांना जिथं तोटा नाही, तिथंही हे झालं आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचं मोठं शहर आहे. तिथे शेजारी शेजारी दोन उंच इमारती होत्या. एकेक एकशे दहा मजल्यांची. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी अतिरेक्यांनी प्रवासी विमानं ताब्यात घेऊन त्या दोन्ही इमारतींवर आदळवली. वरचे मजले पेटले. शहरातले आग विझवणारे जवान धावून आले. पाठीवर ओझी घेऊन ते जिने चढू लागले. वर अडकलेल्या माणसांना खाली आणायचं होतं.

९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिणेकडची इमारत कोसळली. उत्तरेकडच्या इमारतीत त्या वेळी कितीतरी जवान वर होते. आत जिन्यात असलेल्या माणसाला शेजारची इमारत पडली हे दिसत नाही. मोठा हादरा बसला एवढंच कळतं. बाहेर आकाशात पोलिसांची हेलिकॉप्टरं फिरत होती. त्यातल्या पोलिसांना वरून दिसलं की ही दुसरी इमारतही आता टिकत नाही. त्यांनी तसं वायरलेसवर सांगितलं. पण ते सांगणं पोलिसांच्या वाटेवर गेलं. आग विझवणाऱ्यांची वाट वेगळी. १० वाजून २८ मिनिटांनी दुसरी इमारत पडली. हेलिकॉप्टरातून पहिला इशारा आला त्याला वीस मिनिटं होऊन गेली होती.

त्या दिवशी आग विझवणारे ३४३ जण मेले.

सगळा दोष वेगळ्या वाटांचा होता असं आम्ही म्हणणार नाही. जवानांच्या नायकांनीही आपल्या वाटेवरून 'खाली या' असा हुकूम दिला होता. काहींना तो ऐकू आला आणि ते वाचले. काहींना ऐकू आलाच नाही. काहींनी ऐकला, पण धोका एवढा जवळ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाटेत दमलेल्यांना हात देत ते सावकाश उतरत होते. हेलिकॉप्टरातल्याने जे पाहिलं ते त्यांच्या कानावर पडलं असतं, तर त्यातले किती धावत सुटले असते कोण जाणे.

याच इमारतींची आणखी एक गोष्ट आहे. १९९३ साली तिथे एकदा बॉम्ब फुटला होता. तेव्हा एवढ्या उंच इमारतीत लहान संच नीट चालत नाहीत असा अनुभव आला. म्हणून नंतर तिथे रिपीटर बसवला. २००१ सालच्या त्या सकाळी उत्तरेकडच्या इमारतीत नायकांनी तो तपासून पाहिला. तो चालत नाहीसा वाटला, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. पुढे सरकारी चौकशीत आढळलं की यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याची एक कळ दाबायची राहून गेली होती. आठ वर्षांत शहाणपण शिकून यंत्र आणलं, आणि ऐन वेळी एका कळीने घात केला. आम्ही हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढं वाचवलं नाही.

त्याच दिवशी तिसरं विमान वॉशिंग्टन शहराजवळ पेंटॅगॉन या लष्कराच्या मोठ्या कचेरीवर आदळलं. तिथे मदतीचं काम पुष्कळ नेटकं झालं. त्याचं कारण वीस वर्षं मागं आहे.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये मोठं बर्फ पडत होतं. एक प्रवासी विमान उडालं आणि लगेच पुलाला धडकून गोठलेल्या नदीत पडलं. ७८ माणसं मेली. अर्ध्या तासात त्याच शहरात भुयारी आगगाडी रुळावरून घसरली. नदीच्या एका काठाला एका राज्याचा कारभार, दुसऱ्या काठाला राजधानीचा. मदतीला दोन्हीकडून माणसं आली, आणि त्यांना एकमेकांशी वायरलेसवर बोलता येईना. आमच्या नदीसारखंच म्हणा ना! त्या दिवसापासून आसपासच्या गावांची आग विझवणारी दलं एकत्र बसू लागली. कुणाच्या हद्दीत संकट आलं तर कुणी यायचं, कुणी हुकूम द्यायचा, कुठल्या वाटेवर बोलायचं, हे त्यांनी ठरवलं आणि त्याच्या तालमी केल्या. म्हणून २००१ साली पेंटॅगॉनवर अनेक गावांची दलं आली तरी हुकूम एकाच्याच हाती राहिला. त्या भागाच्या आर्लिंग्टन दलाच्या.

पण तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. सुरुवातीला एकाच वाटेवर इतके जण बोलू लागले की कुणाचंच कळेना. मोबाईल तर निरुपयोगीच ठरले. तेव्हा त्यांनी पायी निरोपे धाडले, आणि काही वेळा तेच सगळ्यांत भरवशाचे ठरले, असं त्यांच्याच अहवालात लिहिलं आहे. आमच्या मोटरसायकलवाल्या पोराला हे सांगितलं तेव्हा तो फार खूश झाला.

पाण्याच्या पाळीसारखं

मग सगळ्यांना एकाच वाटेवर आणलं की झालं? नाही. रोजच्या रोज पोलीस, बंबवाले, रुग्णवाहिका सगळे एकाच वाटेवर बोलू लागले, तर आठवडी बाजार होईल. एकाने बटण दाबून धरलं की बाकीचे अडकतात. संकटाचं बोलणं किरकोळ बोलण्यात बुडून जाईल.

इथे आपल्याला पाटाचं पाणी आठवावं. पाट एकच, शेतं अनेक. ज्याने त्याने मनाला येईल तेव्हा दारं फोडलं तर टोकाच्या शेताला थेंब मिळत नाही. म्हणून पाळीपत्रक असतं. धुळे आणि नाशिकच्या बाजूला पांझरेसारख्या नद्यांवर फडाची जुनी पद्धत आहे. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. आपल्या शेताचं पाणी आपण स्वतः फोडायचं नाही, तो देईल तेव्हा घ्यायचं.

सामाईक वायरलेसची नवी पद्धत अशीच आहे. खात्याखात्याला एकेक वाट कायमची बांधून देत नाहीत. सगळ्या वाटा एका ठिकाणी गोळा करतात. मधे एक यंत्र पाटकऱ्यासारखं बसतं. कुणी बटण दाबलं की जी वाट मोकळी असेल ती ते त्याला देतं, आणि बोलणं संपलं की परत घेतं. पोलिसांचा गट निराळा, बंबवाल्यांचा गट निराळा, म्हणून रोजचं बोलणं एकमेकांच्या कानावर पडत नाही. गुप्त ते गुप्त राहतं. आणि एक गट सगळ्यांसाठी राखून ठेवतात. मोठं संकट आलं की ज्यांना ज्यांना एकत्र काम करायचं ते त्या गटावर येतात. युरोपात फिनलंड नावाचा लहान देश आहे. त्याने या शतकाच्या सुरुवातीलाच साऱ्या देशासाठी असं एक सामाईक जाळं उभारलं. पोलीस, आग विझवणारे, रुग्णवाहिका सारे त्यावर बोलतात.

यातला धोकाही सांगायला हवा. चार विहिरी बुजवून एकच मोठी विहीर केली आणि ती आटली, तर सारा गाव तहानेला. सामाईक मनोरा पडला तर सगळीच खाती मुकी होतील. म्हणून मनोऱ्याला दुहेरी वीज, मोठी बॅटरी, आणि मनोऱ्यावाचूनही संचाहून संचावर बोलता येईल अशी एक साधी वाट ठेवावीच लागते.

असं जाळं महाग असतं. ते तालुक्याच्या आवाक्यातलं नाही, राज्याने करायचं काम आहे. पण राखून ठेवलेली एक सामाईक वाट, तिच्यावर चालणारे पाच-सहा संच आणि डोंगरावर एक रिपीटर, एवढं मात्र जमण्यासारखं आहे.

संच घेण्याआधीचं काम

आमच्या पाहण्यात असं आलं आहे की संच विकत घ्यायला माणसं लगेच तयार होतात. एकत्र बसायला तयार होत नाहीत. आणि खरं काम तर तेच.

पहिली गोष्ट म्हणजे कुणाला कुणाशी आणि केव्हा बोलावं लागतं, हे कागदावर लिहावं. आमच्या नदीचंच घ्या. धरणावरच्या माणसाला बोटीतल्या माणसाशी बोलावं लागेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. निरोप पोलिसांना दिला, काम झालं, असं धरणवाल्यांना वाटलं. त्यांची चूक म्हणता येत नाही. तेवढंच त्यांना नेमून दिलेलं होतं. म्हणून अशा बैठकीला पोलीस आणि बंबवाले पुरत नाहीत. धरण, वीज, जंगल, सरकारी दवाखाना, एसटीचा डेपो, तहसील कचेरी, सगळ्यांना बोलवावं. नदीकाठच्या गावांतले दोन जाणते आणि पोहणारे कोळीही असावेत. पाणी कुठं आधी चढतं हे त्यांना नकाशावाचून ठाऊक असतं.

मग शब्द ठरवावेत. हे हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत 'टँकर' या एका शब्दाचा घोळ आहे. त्या देशाच्या पूर्वेला टँकर म्हणजे पाण्याची गाडी, आपल्यासारखीच. पश्चिमेला वणवा विझवणाऱ्यांत टँकर म्हणजे वरून पाणी किंवा औषध टाकणारं विमान! 'एक टँकर पाठवा' म्हटलं तर काय येईल? वायरलेसवर बोलणाऱ्यांना सांकेतिक आकड्यांची हौस असते. दहाचा अमुक, बाराचा तमुक. एका खात्याचा आकडा दुसऱ्याला वेगळाच अर्थ सांगतो. सामाईक वाटेवर साधं, घरात बोलतो तसं मराठी बोलावं.

गावांच्या नावांचंही तसंच. एका तालुक्यात दोन पिंपळगाव असतात. एकाच जागेला गावकरी भैरोबाचा माळ म्हणतात, सरकारी कागदात तिचा गट नंबर असतो आणि एसटीवाले तिला शाळेचा थांबा म्हणतात. नाव चुकलं की रुग्णवाहिका दुसऱ्या पिंपळगावात जाऊन उभी राहते. तेव्हा एक यादी करावी आणि ती सगळ्यांच्या संचाजवळ टांगावी.

मुख्य कोण, हा प्रश्न सगळ्यांत अवघड. तिथे मानपानाची गाठ पडते. कायद्यात जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ साली झाला, त्यात तसं लिहिलं आहे. पण नदीच्या काठावर त्या घटकेला हुकूम कुणाचा, हे आधीच ठरलेलं असावं. पाण्यातलं काम बोटवाल्यांच्या नायकाचं, रस्ता आणि गर्दी पोलिसांची, असं काहीतरी. तिथं उभं राहून वाद घालायला वेळ नसतो.

परवान्याचंही ध्यानात ठेवावं. हवेतल्या या वाटा देशाच्या मालकीच्या आहेत. त्या वाटून देणारी केंद्र सरकारची शाखा १९५२ सालापासून काम करते. ताकदवान संच परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे. कुणी बाजारातून स्वस्त संच आणून पोलिसांच्या वाटेवर बडबड केली, तर संकटाच्या वेळी तोच एक संकट होऊन बसेल.

राहता राहिली बॅटरी. यावर फार लिहीत नाही. रात्री कंदिलात तेल आहे का हे जसं दिवसा पाहतात, तसं ते पाहावं. पण पाहायचं कुणी, त्याचं नाव मात्र लिहिलेलं असावं.

दोन वर्षांनी

२०२४ साली आम्ही पुन्हा त्याच तालुक्याला गेलो. त्या पुरानंतर तिथल्या मंडळींनी हे काम मनावर घेतलं होतं. चार बैठका झाल्या. पहिलीत भांडण झालं, दुसरीला निम्मे आले नाहीत. तिसरीत यादी झाली, चौथीत नावं ठरली. वरून परवानगी येऊन एक सामाईक वाट मिळाली आणि देवीच्या डोंगरावर रिपीटर बसला. दर सोमवारी सकाळी आठ वाजता तहसील कचेरीतून हजेरी घेतात. आम्ही मुद्दाम त्या वेळी जाऊन बसलो.

कारकुनाने वही उघडली, बटण दाबलं आणि नाव घेतलं.

"पोलीस ठाणं?"

"हजर. ओव्हर."

"बंब?"

"हजर. ओव्हर."

"दवाखाना?"

"हजर हाय. ओव्हर."

"धरण?"

खरखर. कारकून थांबला. पुन्हा बटण दाबलं. "धरण? धरण, ऐकू येतंय का? ओव्हर."

काही नाही. त्याने फोन लावला. धरणावरच्या चौकीत एकच प्लग होता आणि रात्रभर त्याला पंखा लावला होता. बॅटरी उतरली होती. कारकुनाने लाल शाईने वहीत 'धरण, गैरहजर' असं लिहिलं आणि दाराशी उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. तो नदीवरचाच मोटरसायकलवाला पोरगा. आता तो गावच्या सुरक्षा दलात आहे. त्याने कपाटातून भरलेली बॅटरी घेतली, कापडी पिशवीत घातली आणि धरणाच्या रस्त्याला लागला.